भोंग्यातली हाक

नव्या कोचने जुन्या खेळाडूंना जर्सी उलटी घालायला सांगितली, तेव्हाच कारभारीला वाटलं की आज आपलं काही खरं नाही.

नाशिकला सातपूरच्या त्या कंपनीत बास्केटबॉलची टीम होती आणि टीमच्या पोरांना नोकरी खेळावरच मिळायची. सकाळी आपापल्या खात्यात नावाला काम करायचं, जेवण झालं की कोर्टवर जायचं, गावोगावच्या स्पर्धा खेळायच्या आणि ढाली आणून साहेबांच्या केबिनमध्ये मांडायच्या. कारभारी ऐन विशीत देवळ्याहून आला तो असाच, आणि आता सदतिशी गाठली तरी त्याचं हेच चाललं होतं. कागदोपत्री तो स्टोअरमध्ये होता. नट कुठला आणि बोल्ट कुठला एवढं त्याला कळायचं, त्यापलीकडे त्या खात्याशी त्याने कधी सोयरीक केली नाही. सुट्टीत देवळ्याला गेला की स्टँडवरची माणसं विचारायची, "काय खेळाडू, यंदा कुठं?" मग हा उगाच आठवल्यासारखं करून म्हणायचा, "यंदा इंदूर." एवढं एक वाक्य ऐटीत म्हणता यावं म्हणून गडी वर्षानुवर्षं गुडघ्यांना तेल चोळत होता, असं म्हटलं तरी चालेल.

दोन हजार दोन साली कंपनीने पुण्याहून निकम सरांना आणलं. सर कारभारीहून वयाने लहान, बोलायला गोड आणि वागायला कडक. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की टीममध्ये यापुढे बाराच जण राहतील, बाकीच्यांनी आपापल्या खात्यात पूर्ण वेळ काम करायचं. मग निवडीसाठी जुने विरुद्ध नवे असा सामना लावला. जर्सी सगळ्यांची एकच, निळी. दुसरा रंग कंपनीने कधी शिवलाच नव्हता, म्हणून जुन्यांनी उलटी घालायची असं ठरलं. अकरा जण जवळपास पक्के होते. बाराव्या जागेवर कारभारी राहतो की जातो, एवढंच त्या दुपारी ठरायचं होतं, आणि हे कोर्टभोवतीच्या जाळीबाहेर उभ्या असलेल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं.

अकरांतलं पहिलं नाव धनराजचं. हा पेठ तालुक्यातला, डोंगराकडचा पोरगा. आश्रमशाळेच्या क्रीडामेळाव्याला कारभारी पाहुणा म्हणून गेला होता, तिथे त्याने हे लांब हातांचं पोर पाहिलं आणि बक्षिसं वाटायची सोडून त्याच्याच मागे लागला. त्याला नाशिकला आणलं, शिकवलं, साहेबांच्या पुढे उभं केलं. आता लोक सामन्याला यायचे ते धनराजला बघायला. कारभारीला त्याचं कौतुक वाटायचं आणि पोटातही दुखायचं. दोन्ही एकाच वेळी व्हायचं, त्यामुळे नक्की काय वाटतंय हे त्याचं त्यालाच सांगता यायचं नाही.

दोघांची एक खास रीत होती. कारभारीच्या पाठीमागे धनराज मोकळा झाला की तो नाव घेऊन ओरडायचा नाही. डोंगरावर गुरं वळवताना देतात तशी हाक द्यायचा, "ह्योऽऽक!" ती ऐकली की कारभारी मागे बघायचासुद्धा नाही. खांद्यावरून बॉल सरळ मागे भिरकवायचा आणि तो नेमका धनराजच्या हातात जायचा. समोरच्या टीमचे गडी नुसते माना फिरवत राहायचे. पण आज हे दोघं पहिल्यांदाच समोरासमोर होते.

सामना सुरू झाला आणि कारभारीने कमालच केली. गुडघा कुरकुरत होता, तरी त्याने पोरांना चांगलं पळवलं. पहिली पाळी सुटायची वेळ झाली तशी कामगारांची गर्दी जाळीला लागली. दोन्ही बाजूंचे पॉइंट सारखे होते आणि खेळ संपत आला होता. बॉल कारभारीकडे आला तेव्हा रिंगकडे त्याची पाठ होती आणि दोन पोरं त्याला चिकटली होती. तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. त्या भोंग्यात, मागून, डावीकडून हाक आली, "ह्योऽऽक!"

हात गेला. विचार बिचार काही नाही, नुसता हात गेला.

कारभारी वळला तर बॉल धनराजच्या हातात. आणि धनराज बॉल छातीशी धरून उभा. ना पळतोय, ना पास देतोय, दुसऱ्याच्या घरचं पोर कुणीतरी कडेवर दिल्यासारखा नुसता बघतोय. सरांनी शिट्टी मारली. जाळीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "कारभारीशेठ, पार्टी बदलली का?" आणि सगळी पाळी फिदीफिदी हसली.

"हे काय होतं, कारभारी?" सरांनी विचारलं.

"हाक आली, सर."

"कुणाची?"

कारभारीने जर्सीने तोंड पुसलं. सरांनी बाकीच्यांकडे पाहिलं. कारभारीचा जुना जोडीदार देवराम अगदी शेजारी उभा होता. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "मला तर नुसता भोंगाच ऐकू आला, सर." दुसऱ्या कुणीही काही ऐकलं नव्हतं.

"मी दिली हाक," धनराज म्हणाला.

सरांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "समोरच्या गड्याला हाक मारून बॉल काढून घ्यायचा? ही लबाडी झाली. माझ्या टीममध्ये हे चालणार नाही. यंदा इंदूरच्या स्पर्धेला तू येणार नाहीस, घरी बसायचं. आणि कारभारी, तुमची चूक मी धरत नाही. बारावे तुम्ही."

झालं. जे हवं होतं ते पदरात पडलं. पण कारभारीच्या डोक्यात नुसता गुंता झाला. हाक ऐकली होती ना आपण? ऐकली होती. मग शेजारच्या देवरामला कशी ऐकू आली नाही? पोराने मुद्दाम हाक दिली असती तर बॉल घेऊन तो सुसाट पळाला असता. तो तर बावचळून उभा राहिला. म्हणजे हाक दिलीच नसणार. परवा घरी कुकरची शिट्टी झाली म्हणून आपण गॅस बंद केला, तर बायको सरिता म्हणाली, शिट्टी झालीच नाही, आणि भात निघाला कच्चा. म्हणजे आपल्याला आता नसलेले आवाज ऐकू यायला लागले आणि हे पोर आपली लाज झाकायला खोटं बोलतंय. आपल्यापायी त्याचं इंदूर जाणार. त्याला इंदूर काय, कुठल्या कुठं जायचंय. कारभारीला भडभडून आलं. पोराची मायाही दाटली आणि त्या मायेचा रागही आला.

"सर," तो म्हणाला, "हाक बिक काही नव्हती. चूक माझीच. मला वाचवायला पोरगं खोटं बोलतंय."

"दादा!" धनराज ओरडला.

"तू गप रे."

सरांनी एकदा ह्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "नक्की?" त्यांनी विचारलं. कारभारीने मान हलवली, आणि मान हलवताना आपण खरं बोलतोय की नाही हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, "ठीक आहे. धनराज इंदूरला येईल. उद्यापासून तुम्ही स्टोअर सांभाळा, कारभारी." मग स्कूटरला किक मारून ते निघून गेले. खेळाडू पांगले. जाताना देवरामने कारभारीच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

सायकल स्टँडवर धनराजने त्याला गाठलं. पोराचे डोळे लाल झाले होते.

"सगळ्यांपुढं मला खोटारडा केलं तुम्ही."

"अरे, तुझ्यासाठीच..."

"मी खरंच दिली होती हाक!"

कारभारीने त्याच्याकडे बघितलं. "कशाला पण?"

"कशाला म्हंजे? मोकळा होतो ना मी. तुमच्या हातात बॉल दिसला अन् तोंडातून निघाली. आपण दोघं दोन बाजूला हाय, हेच ध्यानात नाय राहिलं. बॉल हातात आल्यावर कळलं, मग काय करावं तेच सुचंना."

कारभारी स्टँडच्या कठड्यावर बसला. म्हणजे कान शाबूत होते. हाक होती. चुकलं असेल तर दोघांचंही सारखंच चुकलं होतं. हसावं की रडावं हे त्याला समजेना, आणि प्रत्यक्षात त्याला थोडं थोडं दोन्ही आलं.

"चला, सरांच्या घरी जाऊ. खरं काय ते सांगू," धनराज म्हणाला.

"काय सांगू? आत्ता सगळ्यांदेखत नाही म्हटलं, आता हो म्हणू? ते म्हणतील, ह्या दोघांचं रोज नवीनच असतं. एक जण तर गेलाच, आता दुसराही जायचा."

"मग तुमचं काय?"

कारभारी उठला, खिशातून सायकलची किल्ली काढली आणि तसाच थांबला. अजून एक शंका त्याच्या मनातून जात नव्हती. पोर आतासुद्धा आपलं मन राखायला बोलत असेल तर? किती झालं तरी गुणाचं पोर.

"असं कर," तो म्हणाला. "तिकडं मागं जा. लांब. अन् परत दे बरं हाक, तेव्हा दिलीस तशीच. कुठं उभा राहतो ते मला सांगू नको."

तो धनराजकडे पाठ करून उभा राहिला. अंगात अजून उलटीच जर्सी होती, शिवणीचे दोरे बाहेर आलेले. पाळी सुटून गेली होती, स्टँड रिकामा होता. मागे पावलं वाजली आणि थांबली. बराच वेळ काहीच आलं नाही. मग आली, डावीकडून, जरा रडवेली, पण तीच.

"ह्योऽऽक!"

कारभारीचा हात त्याला न विचारताच खांद्यावरून मागे गेला. हातात होती ती किल्ली सुटली. खाली सगळा सिमेंटचा कोबा होता. किल्ली पडल्याचा आवाज येईल म्हणून तो कान देऊन उभा राहिला, पण तो आवाज आलाच नाही.