पिवळा केसपेपर

कारखान्यात चाळीस वर्षे कामाची आखणी केली, म्हणून आरोग्य केंद्राच्या समितीवर मला घेतले. गर्दी पांगावी यासाठी मी केसपेपरचे रंग ठरवून दिले: तापखोकल्याला पांढरा, रक्तदाबाला निळा, समुपदेशनाला पिवळा. गर्दी पांगली. समुपदेशक बाईंच्या दारासमोरची तर पुरती नाहीशी झाली. तिकडे आजारी कुणी नसावेच, असे मी धरून चाललो.

धाकटा भाऊ त्याच कारखान्यात लेथ यंत्रावर टर्नर. भावजय वारल्यापासून त्याची झोप उडाली होती. डुलकी लागताना पाहून मुकादमाने त्याला दोनदा चालू लेथवरून बाजूला ओढले होते; तिसऱ्यांदा मुकादम जवळ असेलच असे नव्हते. सोमवारी मी त्याला केंद्रात नेले. खिडकीतून पिवळा कागद पुढे आला. त्याने तो मागे सरकवला.

"दादा, समोर आमच्या खात्यातला फिटर बसलाय. मी घरी पोहोचायच्या आत बातमी कारखान्यात जाईल."

"जाऊ दे. तू आत चल."

"रंग तूच काढलेस ना? मग घे की तूच पिवळा."

तो निघून गेला. मला ते फार लागले.

दुपारी केंद्रातल्या सिस्टरांना गाठून घडले ते सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, मी सहा महिने हेच सांगतेय. पण तुमचा तक्ता इतका देखणा, की माझं ऐकणार कोण?"

"मग करायचं काय?"

"सगळ्यांना पांढरा द्या. बाईंना माझ्या आतल्या खोलीत बसवा. प्रेशर बघताना झोपेचं मी प्रत्येकाला विचारीन."

सगळेच कागद पांढरे झाले तर विभागवार रुग्णांचे आकडे कसे मिळणार, असा प्रश्न समितीत सचिवांनी काढला. आकडे मी हाताने काढून देईन, असे सांगून तो मिटवला.

पुढच्या सोमवारी भाऊ "फक्त प्रेशर" म्हणून आला. सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधत विचारले, "झोप लागते का?"

तो पट्ट्याकडे पाहत "नाही," म्हणाला. त्यांनी त्याला आतल्या खोलीत पाठवले.

मी बाहेर आलो, तर बाकावर तोच फिटर होता. "भावाचं प्रेशर फारच चढलंय वाटतं. अर्धा तास झाला."

"लागेल वेळ."

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "झोपेचं विचारतात म्हणे. मलाही विचारतील का?"

"सगळ्यांनाच विचारतात."

भाऊ बाहेर आला, डोळे लाल. "गुरुवारी परत बोलावलंय. तोवर लेथवर उभं राहायचं नाही म्हणाल्या. मुकादमाला तू सांगशील?"

"आत्ताच जाऊ," मी म्हणालो.