जड गोळी

दौलतरावांच्या घरची एक रीत होती. बंदूक भरायची ती घरातल्या मोठ्या माणसानं, अन् नेम धरणाऱ्यानं ती न उघडता हातात घ्यायची. दौलतरावांना त्यांच्या बापानं तशीच भरून दिली. म्हातारपणी त्यांचा हात कापायला लागला, लायसन लेकीच्या, राखीच्या नावावर झालं, तरी भरायचा मान त्यांचाच राहिला. मान असावा, त्याला कोण नाही म्हणतं? पण मानाच्या मागं मागं हट्टही येतो, अन् दौलतरावांचा हट्ट शेलूबाजारपर्यंत नावाजलेला होता.

झालं होतं असं की शिखरचंद शेठजींच्या तुरीत एक एकला रानडुक्कर ठाण मांडून बसला होता. सांज झाली की बांध ओलांडून दौलतरावांच्या हरभऱ्यात यायचा अन् नांगरल्यासारखं शेत उकरायचा. राखीच्या आईची, प्रयागबाईची मांडी त्यानंच फाडली. ती माउली खाटेवर पडून कण्हत होती. वनखात्यानं तो डुक्कर मारायची परवानगी दिली, तिचा आज शेवटचा दिवस. तुरीच्या शेंगा तडकायला लागलेल्या. तांड्यावरची चतुराबाई उद्या सकाळी बाया घेऊन सोंगणीला येणार होती, अन् तिनं राखीला साफ सांगितलं होतं, "पोरी, मेला तं बरंच. जिता राह्यला तं आमी दुसरं काम पाहू. पण अर्धमेला ठेवू नको." घायाळ डुक्कर पळून पळून जाणार कुठं? त्याच तुरीत. अन् तिथं वाकून विळा चालवणाऱ्या बाईला तो दिसणार कधी? अंगावर आल्यावरच.

शेठजींच्या विहिरीवरून नेम सोपा होता. पण शेठजी पडले जैन. त्यांनी हात जोडले, म्हणाले, माझ्या जमिनीवरून नको अन् माझ्या जमिनीवर नको, तुमच्या शेतात तुम्ही मुखत्यार. त्यांचंही बरोबरच होतं. मग उरली नाल्याच्या अलीकडची, शेताच्या कडेची धुऱ्याची जागा. समोर मुरमाची टेकडी, म्हणून गोळी भलतीकडं जायची भीती नव्हती. पण अंतर अडीचशे मीटर, अन् भांडण पेटलं ते इथंच.

दौलतरावांनी जन्मभर दीडशे ग्रेन वजनाची हलकी, टोकदार गोळी वापरली. सरळ सुतात जाते म्हणायचे. जवळून जातही असेल, बाप्पा! पण सांजेला नाल्यातून वारा सुटतो, तो हलक्या गोळीला लांबवर बाजूला ढकलतो. शिवाय जुन्या डुकराच्या खांद्यावरचं कातडं म्हणजे वाळलेला चिखल, हलकी गोळी त्यात वरच्यावर फुटायची. एकशे ऐंशीची गोळी जड, बोथट नाकाची. ती खाली जास्त पडते, पण वाऱ्याला बधत नाही अन् खोलवर घुसते. खाली किती पडते ते आधी मोजून ठेवता येतं, वाऱ्याचं काय मोजणार? एवढा हिशेब राखीचा. तिनं मुरमाच्या जुन्या खदानीत नेमासाठी खोके लावले अन् बंदुकीवरची दुर्बीण जड गोळीच्या पडण्याप्रमाणं बसवून घेतली. म्हातारा दगडावर बसून कुरकुरत होता, म्हणे कानामागून आली अन् तिखट झाली. राखीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सांजेला दोघं धुऱ्यावर पालथे पडले. राखीनं मोजक्या जड गोळ्या बापाच्या हातात दिल्या. त्यांनी पाठ फिरवून बंदूक भरली अन् तिच्याकडं दिली. तिनं ती भुशाच्या पोत्यावर टेकवली.

डुक्कर आला. हरभऱ्यात आडवा उभा राहिला, खांदा मोकळा. राखीचं बोट खटक्यावर गेलं, अन् तिचं लक्ष बापाकडं गेलं. जन्मभर जनावरावरून नजर न काढणारा हा माणूस आज तिच्या हाताकडं पाहत होता. भरताना त्यांनी पाठ का फिरवली, ते तिला आता खटकलं. बापानं भरून दिलेली बंदूक उघडायची म्हणजे बापाच्या तोंडावर त्याला खोटं म्हणायचं. या घरात तसं कोणी केलं नव्हतं.

तिनं बोल्ट ओढला. काडतूस बाहेर पडलं ते टोकदार.

"बापावर भरोसा नाई तुहा?" दौलतराव हळूच म्हणाले.

"दुर्बीण जड गोळीवर बसवली, बाबा. ही पाठीवरून जाईन, नाईतर खांद्यात फुटंन. सकाळी चतुराबाई त्याच तुरीत शिरून राह्यली."

"तुही माय दिवसभर कण्हते. मले खात्रीची गोळी पायजे होती."

डुक्कर उकरत उकरत बांधाकडं सरकायला लागला होता. बांधापलीकडं शेठजींची जमीन, तिथं गोळी झाडायची नाही. स्वतः भरून मोकळं होणं सोपं होतं. तिनं तसं केलं नाही. तिनं बाकीची हलकी काडतुसं काढली अन् रिकामी बंदूक बापापुढं धरली.

"तुमीच भरा. पण माह्यासमोर."

म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशातून जड गोळ्या काढल्या. एक मातीत पडली. ती तशीच राहू देऊन त्यांनी दुसरी आत सारली. डुक्कर बांधाला लागला होता. तिथं त्यानं मान वर करून वास घेतला. राखीनं वाऱ्याचा अंदाज घेतला, नेम थोडा वाऱ्याकडं सरकवला, श्वास धरला अन् खटका ओढला.

डुक्कर होता तिथंच बसला, अन् उठला नाही.

आवाज ऐकून शेठजी बांधापर्यंत आले. डुकराकडं न पाहता त्यांनी एवढंच विचारलं, तडफडला का? राखी नाही म्हणाली. त्यांनी डोळे मिटून हात जोडले अन् घराकडं वळले.

सकाळी बाया धुऱ्यावर येऊन थांबल्या. नीट मेला की नुसता लागला, हे कळल्याशिवाय एकही पुढं होईना. चतुराबाईनं राखीला नाही, दौलतरावांना विचारलं, बंदूक तुम्हीच भरली होती ना? बापाची लाज झाकावी असंच राखीच्या मनात होतं. म्हाताऱ्याला मिशीवर ताव देऊन हो म्हणता आलं असतं.

"मी हलकी गोळी भरली होती," दौलतराव सगळ्या बायांसमोर म्हणाले. "पोरीनं उघडून पायली, म्हणून तुमी आज तुरीत जाऊन राह्यल्या."

चतुराबाईनं एकदा राखीकडं पाहिलं, ओढणी कमरेला आवळली अन् विळा घेऊन सगळ्यांच्या आधी तुरीत शिरली.