पहिलाच गुन्हा

सकाळी लाँड्रीत गिऱ्हाइकाचा शर्ट जळाला. जाळला लाँड्रीवाल्यानेच, इस्त्री तशीच टेकवून तो फोनवर खिदळत बसला होता. गिऱ्हाईक भडकल्यावर मात्र त्याने सरळ बायकोकडे बोट दाखवलं.

"खोटं कशाला बोलता? तुम्हीच जाळलात," ती म्हणाली.

चारचौघांत बायकोने खरं बोलावं? या मर्दाची इज्जत कापडापेक्षा लवकर करपायची. त्याने तिला फरफटत मागच्या खोलीत नेलं, हात पिरगाळला आणि हाड मोडेपर्यंत सोडला नाही. किंकाळी ऐकून गिऱ्हाइकानेच पोलिसांना बोलावलं. ती इस्पितळात गेली, तो कोठडीत. गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला.

दुपारी घरात नातेवाइकांची बैठक भरली. सून कशी आहे, हे एकानेही विचारलं नाही. लाँड्रीवाल्याचे काका चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "भांड्याला भांडं लागायचंच."

लागतं हो. पण दरवेळी पोचा एकाच भांड्याला कसा येतो, हे कोडं या शहाण्याला कधी पडलं नव्हतं.

बैठकीला बोलावलेल्या वकिलांनी घसा खाकरला. "आयुष्यातला पहिलाच गुन्हा आहे. त्याच्या आई त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्यांनी एवढंच सांगावं, की सून ओल्या फरशीवरून घसरली."

म्हातारी गप्प राहिली. बायकांचं मौन म्हणजे होकार, हे गणित काकांनी जन्मभर सोयीने सोडवलं होतं. "वहिनी, पोटचा गोळा आहे. एक वाक्य बोलायचंय फक्त."

"भावजी, तुमच्या भावाने माझं मनगट मोडलं, तेव्हाही ओली फरशीच होती. वाक्य तुम्हीच पढवलं होतंत."

काकांचं बिस्कीट चहात पडलं.

"आणि वकीलसाहेब, हा पहिला गुन्हा नाही. पहिली तक्रार आहे."

तिने चपला घातल्या, ठाण्यात जाऊन डोळ्यांदेखत घडलेलं सगळं सांगितलं. गजाआडून मुलगा रडवेला झाला. "आई, तू माझी आई आहेस ना?"

"आहे, म्हणूनच आले. तुझ्या आजीने तुझ्या बापासाठी हे केलं असतं, तर तू असा निपजला नसतास."

तिथून ती सुनेच्या उशाशी जाऊन बसली.

घरी बैठक चालूच होती. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, यावर सगळ्यांचं एकमत झालं.