सुभेदारांनी धुतलेलं फडकं

सुभेदार लालासाहेबांच्या मते जगातली निम्मी संकटं मळक्या कपड्यांतून येतात आणि उरलेली निम्मी इस्त्री न केल्यानं. फौजेतून ते कडेगावला परतल्यापासून घरातली चादरसुद्धा सावधान असायची.

म्हणून पुतणी शिवांजलीनं प्रयोगशाळेत बनवलेलं काळपट हिरवं फडकं दोरीवर दिसलं, तेव्हा त्यांना राहवलं नाही. आज सरपंच अंजनाबाईंसमोर पोरीची परीक्षा होती. सूत रंगवणाऱ्या कारखान्याचं लाल पाणी या फडक्यानं निवळलं, तरच पंचायत ओढ्यावर अशी फडकी बसवू देणार होती. अशा दिवशी मळकं फडकं? लालासाहेबांनी ते धुण्याच्या सोड्यात बुचकळलं. बादली लालभडक झाली. केवढा मळ! फडकं मात्र निळं निघालं. लालासाहेब इस्त्री तापवत असतानाच शिवांजली धावत आली.

"नाना, इस्त्री ठेवा! वितळंल ते. मक्यापास्नं केलंय."

"मक्याचं? मग खायचं का नेसायचं?"

"काम झालं की मातीत कुजवायचं. वर वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकचा थर हाय. तो हिरवा असला तरच पाण्यातला रंग धरतो. तुमी निळा केला!"

"निळा उठून दिसतोय की."

शिवांजलीनं भांडायला तोंड उघडलं, बादलीकडं पाहिलं आणि हसली. "कालच्या चाचणीत धरलेला सगळा रंग सोडलाय यानं. आता आंबट पाजलं की परत हिरवं. आमी प्रयोगशाळेत हेच करतो, नाना. फक्त आदी विचारतो."

परसातली लिंबं लालासाहेबांनी स्वतः पिळली. फडकं हिरवं झालं.

ओढ्याकाठी काचेच्या बरणीत लाल पाणी भरलं, फडकं सोडलं. सगळ्यांचा चहा झाला तरी पाणी गुलाबीच.

"आवं सुभेदार," शेजारचा टकल्या केरबा म्हणाला, "हे निवळंस्तवर आमची केसं पिकायची."

"तुझी हायती कुठं?"

दुसरा चहा येईतो बरणीपलीकडचा केरबा स्वच्छ दिसू लागला. अंजनाबाईंनी बरणी उन्हात धरली.

"बसवा फडकी. पण सुभेदारांना त्यांच्यापास्नं लांब ठेवा."

"न्हाई सरपंचबाई," शिवांजली म्हणाली. "रंग भरला की धुवायला नानाच लागत्याल. एवढ्या मनापास्नं कोण धुतंय?"

लालासाहेबांनी नम्रपणे होकार दिला आणि केरबाला मदतनीस नेमलं. केरबाला कुणी विचारलं नाही.