तोंड दिसेपर्यंत घासलेला टोप

मित्रांनो, आधी नाक धरा. मी एक जुना बिडाचा टोप आहे, आणि अकरा दिवस माझ्या पोटात लादी पुसायचं ओलं फडकं कुजत होतं. फडक्याखाली एक झुरळ होतं. मेलेलं की झोपलेलं, ते मी बघितलंच नाही. नव्वद वर्षांच्या आयुष्यात इतकी किळस मला कधी आली नव्हती.

माझी पहिली चूल पेटली अमेरिकेत, लुइझियानाच्या एका पाणथळ खेड्यात. तिथे केजन होते, म्हणजे कॅनडातून हाकलून दिलेल्या फ्रेंचांचे वंशज. आणि क्रिओल होते, ज्यांच्या रक्तात आफ्रिकन, फ्रेंच, स्पॅनिश सगळं मिसळलेलं. दोघांचाही गंबो माझ्यात शिजला. गंबो म्हणजे भातावर ओतायचं दाट कालवण. तेलात पीठ भाजायचं, हात न थांबवता, पार तपकिरी होईपर्यंत. मग कांदा, भोपळी मिरची, भेंडी, कोळंबी. शनिवारी अंगणात कुणी अकॉर्डियनचा भाता ओढायचं, कुणी छातीवर खाचांचा पत्रा अडकवून चमच्यांनी खरवडायचं. पाय थांबायचे नाहीत आणि मी चुलीवर रटरटत असायचो. प्रत्येक वेळी तेलाचा एक पातळ थर माझ्या अंगात मुरायचा. असा मी काळा कुळकुळीत झालो. तो काळा रंग म्हणजे माझी सगळी कमाई.

माझी मालकीण ओडीलबाई. तिच्या नवऱ्याला दुखानच्या तेलक्षेत्रात नोकरी लागली, तशी ती मला स्वेटरांत गुंडाळून कतारला घेऊन आली. कंपनीच्या वसाहतीत शेजारच्या बबीताताईंनी तिच्याकडून गंबो शिकून घेतला. गेल्या उन्हाळ्यात कायमची परत जाताना ओडीलबाईने मला त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, "गावात आता गंबो शिजवणारं कुणी उरलं नाही. तू शिजवत राहा."

बबीताताईंच्या मुलीने, कोमलने, लगेच शाळेत नाव देऊन टाकलं. खाद्यदिनाला ती गंबो आणणार होती, ओडीलबाईच्या टोपातला.

आणि मग साताऱ्याहून कोमलची बायडाआत्या आली.

"शी, केवढा हा मळ," आत्याने मला बघताच पदर नाकाला लावला. "जन्मात घासलं नाही का गं हे पातेलं? भांड्यात तोंड दिसलं पाहिजे."

"आत्या, लीव्ह इट ना," कोमल मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, आणि आत निघून गेली.

बबीताताई ड्यूटीवर होत्या. चिंच, साबण, तारेची घासणी. तीन तास. नव्वद वर्षं गटारात गेली, मित्रांनो. मी राखाडी, उघडा, लाजिरवाणा दिसत होतो. सकाळी अंगावर नारिंगी गंज. त्यात शिजवलेला गंबो शाईसारखा झाला. कोमलने पहिला घास थुंकला. "ई, खिळे चाटल्यासारखं लागतंय."

मग माझी रवानगी मागच्या गॅलरीत, पोटात ते ओलं फडकं. खिडकीतून मला पुढचं ऐकू येत होतं. गंबो आता नव्या नॉनस्टिक कढईत होणार, पाकिटातल्या मसाल्याचा, वर केचप. केचप! मला झुरळ बरं वाटलं.

मंगळवारी आत्या मला कचराकुंडीत टाकायला निघाली. जिन्यात खालच्या मजल्यावरची जाहिदा भेटली. ती रत्नागिरीची.

"आत्या, हे बीड आहे. टाकताय कुठे?"

"गंजलंय गं. इतकं घासलं, तरी."

"तुमच्या भाकरीचा तवा घासता का असा?"

"तवा कोण घासतं?"

"मग हासुद्धा तवाच. जरा खोल."

आत्या पायरीवर उभी राहिली. मला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. खाली न जाता ती वर परतली.

दोन दिवस सगळं घर धुराने भरलं. जाहिदाने गंज काढला, आत्याने अर्धा कांदा सुरीला टोचून तेल चोळलं, ओव्हनमध्ये मला तीनदा तापवलं. बुधवारी संध्याकाळी कोमल पीठ भाजायला उभी राहिली.

"खलास, हात तुटला माझा."

"शाळेत नाव देताना विचारलं होतंस का हाताला?" आत्या म्हणाली. "ढवळ. करपलं तर परत पहिल्यापासून."

करपलंच. कोमलने ते फेकलं आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत होता. रंग तपकिरी आला. खिळ्यांची चव थोडी उरली होती, खोटं कशाला बोलू. पण गुरुवारी शाळेतून मी रिकामा परत आलो.

रात्रीची भांडी आत्याने घेतली. मला उचललं, सवयीने साबणाकडे हात गेला. थांबला.

"बघवत नाही गं मला हे काळं," ती कोमलला म्हणाली. तोंड अजून वाकडंच होतं. तरी तिने मला नुसत्या गरम पाण्याने विसळलं, कोरडं पुसलं, आणि बोटभर तेल घेऊन आतून फिरवलं.

मित्रांनो, किळस कुणालाही येते, मलाही येते. फक्त घासणी उचलण्याआधी एकदा विचारा, हा मळ आहे, की कुणीतरी आयुष्यभर केलेला स्वयंपाक.