त्रेसष्ट फटके

"या क्लबवाल्यांनी शर्ट खोचायला लावला! सत्तरीच्या माणसाला पुन्हा शाळेत घातल्यासारखं," अतुल पद्मजाच्या कानाशी पुटपुटला आणि पोटावरून पट्टा ओढून घेतला.

पद्मजा हसली, पण लक्ष पुढे चाललेल्या नवऱ्याकडे, नरेंद्रकडे. ॲन आर्बर शहराबाहेरचं हे गोल्फचं मैदान शंभर वर्षांपूर्वी कुणा इंग्रजाने आपल्या मुलखासारखं आखून घेतलेलं. अवाढव्य ओक, मधून ओहोळ, मऊ हिरवळ. आणि गोल्फकार्टला बंदी. इथे एकदा तरी खेळायचं, हे नरेंद्रचं जुनं स्वप्न. त्याचा जुना दोस्त अतुल यंदा मेंबर झाला म्हणून जमलं.

पद्मजा मात्र खेळ बघायला आली नव्हती. अतुलने चाळीस वर्षं लोकांचे मेंदू तपासले होते. "तुम्हीच सांगा त्यांना, माझी जीभ उचलत नाही," असं तिने फोनवर विनवलं होतं. सोमवारची मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट तिने गुपचूप घेऊन ठेवली होती. "मैदानावर सांगतो, वहिनी. मोकळ्या हवेत," अतुल म्हणाला होता.

हवा मोकळी होती. अतुल क्रिकेटवर बोलला, गुडघ्यावर बोलला, कॉस्टकोच्या दुकानातल्या आंब्यांवर बोलला.

तिसरं होल संपलं आणि नरेंद्र मागे वळून दुसऱ्याच झेंड्याकडे चालू लागला. अतुलने त्याचा खांदा धरून हळूच फिरवला. "ऊन डोळ्यांवर येतंय रे."

आभाळ गच्च भरलेलं होतं.

"हो ना," पद्मजाही म्हणाली, आणि तिला स्वतःचीच चीड आली.

नरेंद्रने वाकून ओकची एक टोपीवाली बी उचलली आणि खिशात टाकली. सकाळपासून हेच चाललं होतं. चेंडू मारायचा, वाकायचं, बी खिशात. 'आता पोरपणही आलं,' तिने मनाशी म्हटलं, आणि नजर ओहोळाकडे वळवली.

या खेळात फटके जितके कमी तितकं चांगलं; पण आपले फटके आपण लिहायचे नसतात, सोबत्याने लिहायचे; शेवटी आपण सही करायची. मागे एका स्पर्धेत पानांतला चेंडू केसभर हलला, कुणी पाहिलं नव्हतं, तरी नरेंद्रने आपण होऊन एक फटका वाढवून घेतला होता. कप गेला. तरी गडी घरी शीळ घालत आला.

नवव्या होलनंतर तिघं बाकावर टेकली. अतुलने कार्ड पुढे केलं. "चौपन्न! काय खेळलास यार!"

नरेंद्रने पेन्सिल घेतली नाही. दोन्ही खिसे त्याने बाकावर उलटे केले. बिया घरंगळल्या. मग दहा-दहांच्या रांगा लावत बसला, अगदी सावकाश, ओठ हलवत. सहा रांगा. वर तीन.

"प्रत्येक फटक्याला एक उचलली," तो म्हणाला. "एखादी राहिली असेल. जास्त धरलेली नाही."

अतुलने रांगा बोटाने पुन्हा मोजल्या.

"नऊ फटके खाल्लेस माझे. का रे?"

"अरे, दोस्तीत कसला हिशोब..."

"तू डॉक्टर आहेस ना? मला बिया का मोजाव्या लागतात, सांग."

अतुल खोचलेला शर्ट पुन्हा खोचू लागला.

नरेंद्रने पेन्सिल उचलून पद्मजाच्या हातात दिली. "तू लिही. खरं तेवढंच."

तिने चौपन्नवर काट मारली. त्रेसष्ट लिहिलं. तीन जरा वाकडा आला. मग पेन्सिल खाली न ठेवताच, कार्डाकडे नव्हे, त्याच्याकडे बघत ती म्हणाली,

"अहो, तुम्हाला विसरायला होतंय. वर्ष झालं. सोमवारी आपल्याला डॉक्टरांकडे जायचंय."