एकाच सीटची गाडी

भूपेश त्या सीटमध्ये बसेना. म्हणजे बसायला गेला, पण कमरेपाशी अडकला. एक पाय आत, एक बाहेर, डोकं वरच्या लोखंडी पाइपला टेकलेलं आणि शर्ट वर सरकून पोट उघडं पडलेलं. गाडी विकणारा मिहिर सभ्य माणूस, म्हणून तो गोडाऊनच्या पत्र्यांकडे बघत उभा राहिला. मेघाली सख्खी बहीण, तिला सभ्यपणाची गरज नव्हती. ती हसली.

"हसतंस काय गो ताय? हात दे."

तिने हात दिला, ओढून काढला. भूपेशने शर्ट खाली केला आणि मिहिरला विचारलं, "सीट एवढी बारीक का हाय?"

"रेसची सीट ज्याची त्याच्या मापाची असते," मिहिर म्हणाला. "ही माझ्या लग्नाआधीच्या मापाची आहे."

भिवंडीजवळ कोनच्या रस्त्याला आत एक गोडाऊन रिकामं पडलं होतं आणि त्याच्या कोपऱ्यात मिहिरने ही गाडी ठेवली होती. जुनी एस्टीम. मागची सीट काढलेली, डाव्या बाजूची सीट काढलेली, दारांचे आतले पुठ्ठे काढलेले. एसी नाही, टेप नाही, हॉर्नसुद्धा नाही. आत पाइपांचा पिंजरा, आणि पिंजऱ्यात ती एक सीट. नंबरप्लेट नव्हती. मिहिरने आधीच सांगितलं होतं की ही रस्त्यावर चालवायची नाही, दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायची. त्याने ती बरीच वर्षं कोइमतूरच्या रेसच्या ट्रॅकवर पळवली होती. आता पाठ धरली होती, घरात लहान मूल होतं, आणि बायकोने विचारलं होतं की हे अजून किती दिवस.

भूपेशकडे मोठ्या गाड्या दोन होत्या. पण त्याचे मित्र मितेश आणि भाविक गेल्या वर्षी ट्रॅकवर जाऊन आले होते आणि तेव्हापासून फोनमधले व्हिडिओ दाखवून त्यांनी त्याचा जीव खाल्ला होता. स्वतःची ट्रॅकची गाडी असलेला दिघाशी गावातला पहिला माणूस व्हायचं, हे भूपेशने मनात घेतलं. नवी परवडली असती, पण मितेशने सांगितलं की पहिली गाडी जुनी घे, ठोकणारच आहेस.

मेघालीला त्याने सोबत आणलं कारण गाडीतलं तिला कळायचं. त्यांचे वडील, नवशा, टेम्पो चालवायचे. भाताच्या पेंढ्याच्या खेपा कल्याणला टाकायचे. भूपेश तेव्हा शेंबडा होता, म्हणून टेम्पो शिकली ती मेघाली. लग्न होऊन कोनला आली, नवऱ्याचं पॉवरलूमचं काम कधी असायचं कधी नसायचं, तेव्हा तिने शाळेची व्हॅन घेतली. सकाळी पोरं शाळेत, दुपारी पोरं घरी. इतकी वर्षं ती दुसऱ्याच्या लेकरांना मागे घेऊन खड्डे चुकवत होती. व्हॅनचा तिसरा गिअर गंजला तरी तिला कळलं नसतं, असं ती स्वतःच म्हणायची.

"कोणीतरी चालवून बघा," मिहिर म्हणाला. "न बघता घेऊ नका."

"ताय बघंल."

मेघालीने ओढणी काढून भूपेशच्या हातात दिली. सीटमध्ये बसली तर ती सीट तिच्यासाठीच शिवल्यासारखी निघाली. मिहिरने खांद्यांवरून, कमरेवरून पट्टे आवळले आणि स्वतःचं हेल्मेट तिला दिलं. क्लच दगडासारखा होता. तिने पाय पूर्ण दाबला, हळूहळू सोडला आणि गाडी निघाली.

रविवार होता, कंटेनर नव्हते. गोडाऊनपुढचं काँक्रीट पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मोकळं पसरलं होतं. पहिली फेरी तिने व्हॅनसारखी घेतली. दुसऱ्या फेरीला तिसरा गिअर टाकला. भिंत जवळ यायला लागली तशी तिला भीती वाटली, आणि भीती वाटतेय हे बरं वाटलं. तिने ब्रेकवर उभं राहून गाडी वळवली. मागून "काकी, हळू" म्हणायला कोणी नव्हतं. मागे सीटच नव्हती. हेल्मेटच्या आत ती मोठ्याने हसत होती आणि इंजिनाच्या आवाजात ते तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं.

किती फेऱ्या झाल्या ते तिने मोजलं नाही. थांबली तेव्हा भूपेश दोन्ही हातांत ओढणी धरून उभा होता आणि मिहिरच्या चेहऱ्यावर जरा वेगळाच भाव होता.

"काय चालवता तुम्ही?" त्याने विचारलं.

"शाळेची व्हॅन."

तो हसला नाही. म्हणाला, "ताई, तुम्ही ट्रॅकवर या एकदा. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नसते. आपली गाडी न्यायची, आपली पाळी आली की पळवायची. स्पीडब्रेकर नाही, रिक्षा नाही. समोरून कोणी येत नाही."

"कोणीच येत न्हाय?"

"सगळे एकाच दिशेने जातात."

भिवंडीत गाडी चालवणाऱ्या माणसाला असं काही सांगणं म्हणजे स्वर्गाचं वर्णन. मेघालीने ते दोनदा विचारून घेतलं.

"पसंत हाय का?" भूपेशने मुलगी बघायला आल्यासारखं विचारलं.

"घे," ती म्हणाली.

येताना भूपेशच्या मोठ्या गाडीत थंडगार बसून ती बाहेर बघत होती. कोनचा फाटा आला तसा भूपेशने गाण्याचा आवाज कमी केला.

"ताय, बुधवारी रजिस्टर ऑफिसला यायचं हाय. तुझी सही लागंल."

मेघालीला हे ठाऊक होतं. वडील गेले तेव्हा तेराव्यालाच मामा कोणाला तरी हळू आवाजात म्हणाला होता की पोरीची सही वेळेत करून घ्या. दिघाशीची शेवटची जमीन गोडाऊनवाल्याला जाणार होती, आणि त्याआधी बहिणीने हक्क सोडायचा असतो. सगळ्या गावात सगळ्या बहिणी सोडतात. न सोडणारी एक होती, तिच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका तिला आली नाही. हे मेघालीला माहीत होतं. फक्त आजच्याच दिवशी हे येईल असं वाटलं नव्हतं. म्हणजे गाडी बघायला नेलं ते यासाठी. तिला राग आला. पण राग आला तेव्हाही कानात इंजिन घुमत होतं.

"ती गाडी माझ्या नावावर कर," ती म्हणाली.

"तिला नंबरच न्हाय, नाव कुठं घालू?"

"मग मना ट्रॅकवर ने. पहिल्याच खेपेला. अर्धा दिवस तू चालव, अर्धा दिवस मी."

भूपेश हसला. वाईट हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता. भाऊबीजेला कधी चुकला नव्हता, तिच्या मुलीच्या ॲडमिशनला धावला होता. "अर्धा कशाला गो? गाडी तुझीच हाय. तूच पसंत केलीस ना? कवाबी चालव."

मेघालीने मनातल्या मनात ते धरून ठेवलं. सौदा झाला असं तिला वाटलं.

घरी हिरामण, तिचा नवरा, भाजी निवडत बसला होता. लूम पुन्हा बंद होते. तिने सगळं सांगितलं, गाडीचं आधी आणि सहीचं नंतर.

"अर्धा दिवस?" हिरामण म्हणाला. "बापाच्या जमिनीच्या बदल्यात अर्धा दिवस मागितलास?"

"मग काय मागू?"

"वाटा माग. कायद्यानं तुझा हाय."

"आन आय दारात उभी करंल?"

"न करू दे."

"बोलाया सोपं हाय," मेघाली म्हणाली. "तुमी तुमच्या बहिणींच्या सह्या घेतल्यात ना? हे घर कसं झालं?"

हिरामणने भाजीची देठं उगाच बारीक बारीक तोडली. त्याच्या दोन्ही बहिणी दिवाळीला यायच्या, जेवायच्या, घर किती छान झालं म्हणायच्या, आणि तो त्यांना साड्या द्यायचा.

बुधवारी रजिस्टर ऑफिसात फार वेळ लागला नाही. फोटो, अंगठा, सही. टेबलामागच्या बाईने मान वर न करता विचारलं, "स्वखुशीने करताय ना?" मेघाली "हो" म्हणाली. ती बाई दिवसभर हेच विचारत असणार आणि दिवसभर हेच ऐकत असणार. खाली आल्यावर आईने, बायजाबाईने, तिथेच पार्किंगमध्ये तिची ओटी भरली. नारळ, तांदूळ, आणि हिरवीगार जरीची साडी. साडी भारी होती, आईने स्वतः दुकानात जाऊन निवडली होती.

"माझी लेक गुणाची," बायजाबाई म्हणाली आणि तिचे डोळे खरंच भरून आले. "बापाचं नाव राखलंन."

मेघालीने वाकून नमस्कार केला. पायऱ्यांवर दुसरी एक म्हातारी बाई हातात अशीच पिशवी घेऊन बसली होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी नजर काढून घेतली.

पुढचा महिनाभर मेघाली वाट बघत होती. व्हॅन सिग्नलला उभी असली की ती गिअरच्या दांड्यावर हात ठेवून तिसरा, चौथा, परत तिसरा असं करून बघायची. पोरं विचारायची, "काकी काय करता?" ती म्हणायची, "काय न्हाय." मिहिरसारखी पाठ धरू नये म्हणून तिने पाठीचे व्यायामही सुरू केले. हिरामण बघून न बघितल्यासारखं करायचा.

मग भूपेशचा फोन आला. रविवारी गाडीची पूजा, नवी साडी नेसून ये, ओवाळायला तूच पाहिजेस.

दिघाशीच्या अंगणात मंडप होता. गाडी ओळखू येईना. पांढऱ्या रंगाची केशरी झाली होती. बोनेटवर आई वज्रेश्वरी प्रसन्न, त्याखाली वडिलांचं नाव. मागच्या काचेवर भूपेशच्या मुलाचं नाव. मेघाली गाडीभोवती एक फेरी मारून आली. चारही दारंसुद्धा तिने बघितली, तिचं नाव कुठेच नव्हतं. मग तिने ड्रायव्हरच्या बाजूने आत वाकून पाहिलं.

सीट बदलली होती. नवी रुंद होती, ऐसपैस, आणि कितीतरी मागे बसवलेली. पेडल तिथून लांब, अंधारात दिसत होती.

"ही पुढं सरकते का?" तिने विचारलं.

"न्हाय गो. रेसची हाय, फिक्स असते," भूपेश खुशीत म्हणाला. "माझ्या मापाची करून घेतली. खाली वेल्डिंगच मारलंय."

"आन मी?"

"तू पाठीला उशी लाव." आजूबाजूची पोरं हसली. तोही हसला, मग तिचं तोंड बघून जरा थांबला. "बुकिंग झालंय पुढच्या आठवड्याचं. मी, मितेश, भाविक. तू नंतर कवातरी."

"पहिल्या खेपेला म्हनला होतास."

"म्हनलो आसंन. पन तिथं समदी पोरं, ताय. रात्री हॉटेलात तू एकटी बाईमानूस कुठं राहशील?" त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्याच चांगल्यासाठी सांगतंय."

त्याला खरंच तसं वाटत होतं. भांडायला समोर खोटा माणूस लागतो. इथे समोर भाऊ होता, मागे आई होती, मंडपात गाव होतं आणि आतून वरणाचा वास येत होता. सही करून महिना झाला होता. आता तिच्याजवळ मागायला काही उरलं नव्हतं आणि नाही म्हणायलाही काही उरलं नव्हतं.

"बाय, ताट घे," आई म्हणाली.

मेघालीने ताट घेतलं. बोनेटला हळदकुंकू लावलं, भूपेशला टिळा लावला, दोघांना ओवाळलं. त्याने ताटात ओवाळणी टाकली आणि वाकून तिच्या पाया पडला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली गेली. भूपेश गाडीत बसला, आता आरामात मावला. हेल्मेट घातलं. मोबाइल वर झाले.

इंजिन गरजलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. लिंबं तशीच होती. भूपेशने पुन्हा चालू केली. पुन्हा हिसका, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळेला शिट्ट्या थांबल्या. मितेश ओरडला, "अरे रेस दे, रेस दे." आणखी कोणी म्हणालं पेट्रोल बघा. भूपेशचा चेहरा हेल्मेटच्या आत घामाने डबडबला होता. त्याने काच वर केली आणि गर्दीत मेघालीला शोधलं.

"ताय, काय होतंय हिला?"

मेघालीला माहीत होतं. तो पाय झटक्यात उचलत होता. पाव इंच सोड, थांब, मग सोड, एवढंच सांगायचं होतं. पाच वर्षांच्या पोरालाही कळेल असं. तिने तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की आपल्याकडचं एवढं एक तरी द्यायचं नाही.

"मना काय माहीत," ती म्हणाली.

"धक्का मारा रं," कोणीतरी म्हणालं. पोरं मागे जमली. मेघालीने ताट आईकडे दिलं, पदर कमरेला खोचला आणि पोरांच्या मध्ये जागा करून डिकीवर दोन्ही हात टेकले. सगळ्यांनी जोर लावला. लिंबं फुटली. गाडी अंगणातून रस्त्याच्या उतारावर आली, धापा टाकत चालू झाली आणि पोरं ओरडत तिच्यामागे पळाली. गाडीला घातलेल्या हारातली एक केशरी पाकळी उडून मेघालीच्या केसांत अडकली होती.

अंगणात ती आणि आई राहिल्या. बायजाबाई हातातलं ताट सांभाळत तिच्याकडे बघत होती.

"बाय, हात बग किती काळं झालं. नव्या साडीला पुसू नको."

मेघालीने हात पुढे धरले, लांब, साडीपासून दूर. तसेच धरून ती मागच्या नळाकडे गेली. काळे हात नळालाही लागू नयेत म्हणून तिने तो कोपराने सोडला.